पाचशे चाळीस चौरस फूट

१

दोष काकांचा होता. एजंटबाईचा नाही, फ्लॅटचाही नाही. काकांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माणूस नाहीसा झाला की नातेवाईक चार दिवसांत त्याचा देवमाणूस करून टाकतात, आणि मग खरं बोलणाऱ्याला त्या घरात कुणी पाणीही विचारत नाही.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी राहतं घर मोजलं, मग जिना मोजला, आणि मग काकू फोनवर किती मिनिटं बोलते ते मोजायला लागले. त्याच आठवड्यात काकूने त्यांच्या हातात एका फुकट शिबिराचं पत्रक ठेवलं. 'घरात पैसे गुंतवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन. दोन तास. चहा मिळेल.'

काका चहाला म्हणून गेले आणि गुंतवणूकदार होऊन परत आले. सोबत एक पिवळी पुस्तिका होती, आणि तिच्यात एकवीस नियम. नियम चांगले होते, हे त्यांच्या पुतण्यालाही मान्य करावं लागलं. एजंट नेमण्याआधी चारजणांशी बोला. काय हवंय ते स्पष्ट सांगा. बजेट लपवू नका. एजंट 'हे घर घेऊ नका' म्हणाला तर नीट ऐका, कारण ते बोलून तो स्वतःचं कमिशन घालवत असतो. घर वेगवेगळ्या वेळी तीनदा बघा.

काकांनी पुस्तिका वाचली नाही, तपासली. प्रत्येक नियमासमोर पेन्सिलीने शेरा मारला: 'एजंटच्या सोयीचे. उलट करावे.' तीनदा बघण्याचा नियम तेवढा त्यांनी ठेवला. त्यात मोजणी होती.

पुतण्या काका-काकूंकडेच राहायचा. इंजिनियरिंगची दोन वर्षं करून त्याने कॉलेज सोडलं होतं आणि तेव्हापासून काका त्याला 'अर्धवट' म्हणत. त्याला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकायचं होतं. जागा हेरून ठेवली होती. पैसेही होते, म्हणजे त्याच्या वडिलांनी जाण्याआधी त्याच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवलेली ठेव होती. पण तिच्यावर दुसरं नाव काकांचं. दोघांनी सही केल्याशिवाय त्यातला छदामही हलणार नव्हता.

"ग्रीस पुसायला शिक्षणाचे पैसे?" काका म्हणाले. "त्यापेक्षा फ्लॅट घेऊ. तुझ्या नावावर. भाड्याने देऊ."

"माझे पैसे आहेत, काका."

"तुझेच आहेत. म्हणून तर तुझ्या हातात देत नाही."

शेवटी सौदा असा ठरला: ठेव मोडून फ्लॅट घ्यायचा, आणि पहिल्या वर्षाचं भाडं गॅरेजला. पुतण्याने हो म्हटलं. काहीच न मिळण्यापेक्षा उशिरा मिळालेलं चालेल, असा त्याने हिशेब केला. मोठ्यांना आपला असा हिशेब नेमका कळतो. ते त्याच्यावरच तर जगतात.

२

पहिल्या तीन एजंटांनी काकांना आठवड्याभरात हात जोडले. चौथी होती एजंटबाई. पायात बूट, हातात हेल्मेट, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, आणि बोलणं सरळ.

"किती पैसे आहेत? राहायला हवंय की भाड्याने द्यायला?"

"ते आम्ही सांगत नसतो," काका म्हणाले.

"मग मी दाखवू काय?"

"सगळं दाखवा. ठरवणारे आम्ही."

एजंटबाईने पुतण्याकडे बघितलं. पुतण्याने छताकडे बघितलं.

तिने अकरा फ्लॅट दाखवले आणि काकांनी अकराही मोजले. त्यांची पद्धत ठरलेली. पुतण्याने टेपचं शून्याचं टोक भिंतीला टेकवून धरायचं. काकांनी चकरी घेऊन समोरच्या भिंतीकडे चालत जायचं. तिकडे पोचलं की ओरडायचं, "धरलं?" इकडून उत्तर यायला हवं, "धरलंय." उत्तर आलं की मगच आकडा वाचायचा, वहीत मांडायचा. चौतीस वर्षांत उत्तराशिवाय एक आकडा लिहिला नाही, हे काका दिवसातून दोनदा सांगत. समोरची व्यक्ती ऐकते आहे की नाही, याची त्यांना कधीच पर्वा नव्हती. उत्तर तेवढं यायला हवं.

"ढिलं सोडलंस!" तिकडून आवाज यायचा. "अर्धा इंच खाल्लास! अर्धवट तो अर्धवटच!"

बाराव्या दिवशी काकांचं लक्ष जुडग्याकडे गेलं. एक किल्ली बाकीच्यांपासून वेगळी, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"ही कुठली?"

"ती दाखवत नाही मी."

झालं. काकांचा चेहरा असा उजळला की पुतण्याने कपाळाला हात लावला. एजंट उत्तम माल स्वतःसाठी दाबून ठेवतात, असं पुस्तिकेत कुठेही नव्हतं. ते काकांनी स्वतः मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं होतं.

"दाखवत नाही म्हणजे? विकायचा आहे ना?"

"मालकाला विकायचाय. मला नाही."

"बघितलंस?" काका पुतण्याच्या कानाशी म्हणाले, म्हणजे सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे.

३

तिसरा मजला. स्वच्छ जिना, दारांबाहेर चपला, कुठूनतरी कुकरची शिट्टी. एजंटबाईने दार उघडलं आणि ती बाहेरच उभी राहिली.

"तुम्ही नाही येत?" पुतण्याने विचारलं.

"बूट काढायचा कंटाळा येतो."

मागच्या अकरा फ्लॅटांत ती बूट घालूनच फिरली होती. पुतण्याच्या हे लक्षात आलं आणि त्याने ते सोडून दिलं. प्रत्येक गोष्टीचं उत्तर शोधणारा पोरगा कॉलेजात टिकला असता.

आत घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. हॉल, डावीकडे स्वयंपाकघर. समोर अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला डावं वळण आणि वळणावर बेडरूम. पांढऱ्या फरश्या. खिडकीतून समोरच्यांच्या दोरीवरचे टॉवेल दिसत होते. धूळ नव्हती, वास नव्हता. कागदावर पाचशे चाळीस चौरस फूट.

पुतण्या बेडरूमच्या चौकटीशी टोक धरून उभा राहिला. काका आत गेले.

"धरलं?"

"धरलंय."

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. तोही घुमला. पुतण्याला फक्त एवढंच वाटलं की घुमलेला आवाज आधी आला आणि आपला नंतर. त्याने दोन वर्षांचं इंजिनियरिंग आठवून बघितलं. असं होत नाही. म्हणजे झालं नाही. विषय संपला.

बेरीज आली पाचशे एकेचाळीस. "एक फूट फुकट," काका खूश होऊन म्हणाले.

४

दुसऱ्या खेपेला ते सकाळी गेले. इमारतीखाली एजंटबाईच्या गाडीची क्लच केबल तुटली. पुतण्याचे डोळे चमकले. हे काम त्याला येत होतं.

"काका, तुम्ही व्हा पुढे. मी आलो दहा मिनिटांत."

काका किल्ली घेऊन वर गेले. दहा मिनिटांची पंचवीस झाली. केबलची तार सटकून पुतण्याच्या उजव्या अंगठ्यात घुसली. एजंटबाईने पर्समधून निळी पट्टी काढून त्यावर चिकटवली, जरा वाकडीच. पट्टीवर लहान मुलांसाठीचे मासे होते.

"भाचीची आहे," ती म्हणाली. मग पर्स बंद करत म्हणाली, "तुझ्या काकांना समजाव. दुसरा कुठलाही घ्या. कमिशन नको मला."

"त्यांना सांगू नका हे."

"का?"

"मग ते आजच घेतील."

वर काका हॉलच्या मधोमध उभे होते, वही मिटून, तृप्त.

"चला. झालं सगळं."

"मोजलंत? एकट्याने?"

"एकट्याने कसं मोजेन? डोकं फिरलंय का तुझं?" काका चपला घालता घालता म्हणाले. "पण आज मानलं तुला. एकदाही ढिलं सोडलं नाहीस. तक्रार नाही, तोंड वाकडं नाही. असं वागलास तर माणसात येशील."

पुतण्याने आयुष्यात काकांच्या तोंडून पहिल्यांदाच कौतुक ऐकलं होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

"काका, मी खाली होतो."

"बरं, बरं." काका लाडात आल्यासारखे हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

बेरीज होती पाचशे अठ्ठ्याऐंशी.

घरी आल्यावर पुतण्याने टेप तपासली. टेबल, दार, पलंग, स्वतःची उंची. इंचाचाही फरक नाही. काकू पलंगावर बसून हे बघत होती.

"तुलाही लागलं का हे वेड?"

"काकू, काकांना कधी भास वगैरे होतात?"

"तीस वर्षं त्यांना वाटतंय की ते सांगतात ते मी ऐकते," काकू म्हणाली. "त्यात धर."

पुतण्याने स्वतःची समजूत घातली: म्हाताऱ्यांची आजचा दिवस आणि कालचा दिवस यांत गल्लत होते. अठ्ठेचाळीस फुटांची गल्लत मात्र त्याला कुठे बसवता येईना. त्याने ती पलंगाखाली सारली.

५

तिसऱ्या खेपेला पुतण्या गेलाच नाही. पोट बिघडल्याचं सांगितलं. काका एकटे गेले आणि सहाशे एकोणचाळीस घेऊन आले.

"तुझं पोट बिघडलंय असं वाटत तर नव्हतं," काका म्हणाले. "किती टवटवीत होतास तिथे."

दुसऱ्या दिवशी ते एजंटबाईच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. एजंटबाईने हात जोडले. अक्षरशः.

"काका, पाया पडते. हा घेऊ नका. दुसरा देते, चांगला, कमिशनशिवाय देते."

काका खुर्चीत मागे रेलले. "कमिशन सोडताय? म्हणजे केवढं घबाड असेल!"

"घबाड नाही. दोनदा विकलाय मी तो. दोन्ही वेळा घरच्यांनीच किल्ली आणून परत दिली."

"घरच्यांनी का? घेणाऱ्याने का नाही?"

एजंटबाईने मान दुसरीकडे वळवली. झेरॉक्सचं मशीन चालू होतं. कागदामागून कागद बाहेर पडत होता.

"बोला की," काका म्हणाले. "नाही ना बोलता येत? तोंडाला पानं पुसायची तर दुसऱ्याच्या पुसा. मी चौतीस वर्षं खात्यात काढली आहेत. पाचशे चाळीसच्या भावात साडेसहाशे फूट सोडायला मी काय खुळा आहे?"

"तो पाचशे चाळीसच आहे, काका."

"मी मोजलाय!"

"म्हणूनच सांगते."

पुतण्या दोघांच्या मध्ये बसला होता. त्याच्यासमोर ठेव मोडण्याचा बँकेचा अर्ज होता आणि अर्जावर काकांची सही झालेली होती. त्याने हात मागे घ्यायला हवा होता. पण काय कारण देणार? माझा आवाज माझ्याआधी येतो? अंधारात घाबरणाऱ्या पोरांनासुद्धा निदान अंधार तरी असतो. इथे लख्ख ऊन, दोरीवर टॉवेल आणि एक म्हातारा खूश. शिवाय बारा महिन्यांनी गॅरेज. त्याने सही केली. अंगठ्यावरची माशांची पट्टी तोवर मळून काळी झाली होती.

६

ताबा मिळाला त्या दिवशी भर दुपारी ते तिघं गेले. भाड्याच्या जाहिरातीत टाकायला काकांना शेवटचा, पक्का आकडा हवा होता. एजंटबाई दाराबाहेर उभी राहिली, पायपुसण्याच्या अलीकडे.

हॉल मोजून झाला. काका बोळातून वळून बेडरूमकडे गेले.

"ये रे! चौकटीशी धर!"

पुतण्या हॉलमध्येच थांबला. त्याने दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं, एवढंच.

"आलास? हां, तिथेच. खाली धर जरा."

पुतण्या जागचा हलला नव्हता. त्याने एजंटबाईकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती.

बोळातून काकांच्या चपला वाजत होत्या. टप, टप, टप. बेडरूम अकरा फुटांची. पाच पावलांची. पुतण्याने मोजली. एकोणीस झाली, वीस झाली. काकांचाच वारसा, दुसरं काय.

"धरलं?" काका लांबून ओरडले.

पुतण्याने ओठ घट्ट मिटले. दातसुद्धा.

"धरलंय."

बोळाच्या वळणापलीकडून. त्याचा स्वतःचा आवाज. पण त्याच्या आवाजात कायम असलेली कटकट त्यात नव्हती. कुठल्याही काकाला हवा असतो तसा आवाज, नम्र, पटकन आलेला.

"शाब्बास! अठ्ठावन्न फूट!" काका ओरडले. "अजून आहे, धरून ठेव!"

पुतण्या बोळातून चालत गेला. पायांनी नेलं असं तो नंतर म्हणायचा. खरं म्हणजे त्याला राग आला होता. आयुष्यभर शिव्या आपण खाल्ल्या आणि शाब्बासकी तिसराच घेतोय, याचा राग. भीती होती, पण ती रागाच्या मागे उभी होती.

वळणावरून त्याने डोकावलं.

बेडरूमच्या चौकटीवर, कमरेइतक्या उंचीवर, एक हात होता. फक्त मनगटापर्यंत दिसत होता, बाकीचं भिंतीआड. टेपचं शून्याचं टोक त्याने लाकडावर असं चपखल दाबून धरलं होतं की मधून केससुद्धा गेला नसता. नखांत ग्रीस होतं. अंगठ्यावर माशांची निळी पट्टी होती. कोरी, आणि सरळ चिकटवलेली.

त्या हातापासून टेप निघाली होती आणि ताठ, जराही झोळ न पडता, लांब गेली होती. पांढऱ्या फरश्यांवरून. भिंती होत्या, छत होतं, दोरीवरच्या टॉवेलांची ती खिडकी होती, तिच्या पुढे तशीच दुसरी, तिच्या पुढे तिसरी. आणि फार लांब, करंगळीएवढे, पाठमोरे काका. चकरी हातात, वही काखेत, झपझप चालत. टेप शंभर फुटांची होती. केव्हाच संपायला हवी होती.

"काका!"

काका थांबलेसुद्धा नाहीत.

"ओरडू नकोस," त्यांचा बारीक आवाज आला, वैतागलेला, अगदी रोजचा. "आकडा चुकतो."

"काका, परत या!"

भिंतीआडून कुणीतरी सावकाश श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा. आणि अंगठ्यावरची पट्टी पुतण्याच्या दिशेने किंचित वळली.

त्याच क्षणी त्याची कॉलर मागे खेचली गेली. एजंटबाई आत आली होती. तिने त्याला बोळातून, हॉलमधून, पायपुसण्यावरून फरफटत बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. ती धापा टाकत होती.

"तुम्ही आत आलात," पुतण्या म्हणाला. त्या वेळी त्याला तेवढंच सुचलं.

"तोंड मिटून येता येतं," ती म्हणाली. "तिथे काही बोलले नाही ना मी? तू ऐकलंस ना? बोलले नाही ना?"

"नाही."

ती जिन्यात बसली आणि बुटांच्या नाड्या परत परत बांधू लागली.

७

पोलीस आले. दोघं आत जाऊन बाहेर आले. एकाने सवयीने पावलांनी खोली मापली. अकरा फूट, म्हणाला. रिकामी आहे. काकांची चप्पल नाही, वही नाही, टेप नाही. काका घर सोडून गेले असावेत, असं त्याने लिहून घेतलं आणि घरात काही भांडण होतं का ते विचारलं.

"भांडण तीस वर्षांचं आहे," काकू म्हणाली. "आजच कसे जातील?"

पोलीस गेल्यावर तिने पुतण्याला समोर बसवलं.

"शेवटचं काय बोलले?"

"ओरडू नकोस. आकडा चुकतो."

काकूने पदराने चष्मा पुसला. "म्हणजे बरे असतील," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

एजंटबाईने किल्ल्यांचा धंदा सोडला. झेरॉक्सचं ते दुकानच आता ती चालवते. फ्लॅट विकायला काढला की नवा एजंट येतो, उंबऱ्याशी उभा राहतो, बूट काढायचा कंटाळा येतो म्हणतो आणि जातो. भाड्याने किंवा फुकट कुणाला द्यावा, तर पुतण्याला तेही जमत नाही. घेणाऱ्याचाही कुणी पुतण्या असेल.

महिन्यातून एकदा तो तिसऱ्या मजल्यावर जातो. आत जात नाही. दाराला कान लावतो. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी वाजत असते, नळ वाहत असतो. आणि त्या सगळ्याच्या मागे, टाचणी पडावी इतका बारीक, काकांचा आवाज येतो. खूश असतो. मागच्या खेपेला चार हजार दोनशे सहा फुटांवर होते. शाब्बास, म्हणाले. तुझ्यासारखा पोरगा नाही, म्हणाले.

उत्तर आलं, "धरलंय."

काकांची चूक त्याला वडिलांनी ठेवलेल्या सगळ्या पैशांना, गॅरेजला आणि एका काकांना पडली.